ब्राझीलच्या कुरणांवर : लेखांक तिसरा

सोमवार, उबेराबा
सकाळी झेबू संग्रहालय पाहिलं. मिनास जेराइस राज्यातलं हे शहर म्हणजे वशिंडवाल्या गुरांची पंढरी. आपली ओंगोल इथे नेलोरे, कांकरेज गुझेरा; गीर मात्र गीरच. भारतातून जहाजाने आलेली मूळ जनावरं काही हजारच. आज देशात माणसं सुमारे 20 कोटी, गुरं त्याहून जास्त, आणि मांसासाठी पाळलेल्या गुरांत राज्य नेलोरेचं. ही आयात सुखासुखी झाली नाही. 1920 मध्ये ब्राझीलला निघालेली भारतीय गुरं अँटवर्प बंदरात उतरली आणि बेल्जियममध्ये बुळकांडी पसरली. जागतिक पशुआरोग्य संघटना 1924 साली पॅरिसला उभी राहिली, ती या साथीच्या धसक्यातून. 1962 मध्ये आणलेली गुरं तर आधी फर्नांदो द नोरोन्या बेटावर विलग ठेवली होती.

मंगळवार
झेबू पैदासकारांच्या संघटनेचं कार्यालय. वंशावळीची अधिकृत नोंदणी 1938 पासून सुरू आहे. एका वळूचं नाव टाकलं, तर आई-बाप, आजे-पणजे, आणि याची वासरं सरासरीपेक्षा किती किलो जास्त भरतील याचा अंदाज, सगळं समोर. मी डांगी, देवणी आणि लाल कंधारीच्या गावांतून हिंडलेला पशुवैद्य. नामी वळू पाहिले, पण त्यांच्या वासरांचं वजन विचारलं की मालक हाताने उंची दाखवतो. आपल्या गुरांच्या कानात 12 अंकी पिवळा बिल्ला आला आहे. त्या क्रमांकापुढे वजन लिहायला कुणी तरी बसलं पाहिजे, आणि ते लवकर.

बुधवार, शहराबाहेरचं एक फार्म
आजचा दिवस मला सर्वांत आवडला. गुरं खोड्यात घेताना काठी नाही, आरडाओरडा नाही. घोड्यावरचा गडी कापडी झेंडा नुसता हलवतो आणि कळप वळतो. रात्रीच जन्मलेलं एक पांढरं वासरू, कान अजून ओले. गड्याने नाळ कापली, आयोडीनमध्ये बुडवली, वासराला टांगून तराजूवर घेतलं आणि आकडा वहीत लिहिला. नाळेत आसड्या पडल्या तर वासरू हातचं जातं, म्हणून हे काम दुसऱ्या दिवसावर जात नाही. गाय चार हातांवर फुरफुरत उभी होती. पुढे हेच वासरू दूध तुटताना, वर्षाचं झाल्यावर आणि दीड वर्षाचं झाल्यावर पुन्हा तराजूवर चढेल.

गुरुवार
दिवसभर बस. लाल माती, ऊस, सोयाबीन.

शुक्रवार, काम्पो ग्रांदे
एम्ब्रापा या सरकारी संस्थेचं मांसल गुरांचं संशोधन केंद्र. कुरणातलं गवत मूळचं आफ्रिकेतलं, ब्राकिआरिया. त्यातला ‘मारांदू’ वाण यांनी 1984 मध्ये दिला. इथल्या जमिनीत स्फुरद फार कमी, म्हणून गवतातही कमी. भुकेपोटी नव्हे, स्फुरदापोटी गुरं मेलेल्या जनावरांची हाडं चघळायची आणि बॉट्युलिझमने मरायची. त्यावर उपाय म्हणजे गव्हाणीतलं खनिज मीठ. मी गव्हाणीत बोट बुडवून चाखलं: खारट, मागे खडूसारखी चव.

शनिवार
कत्तलखाना. आमच्यातले दोघं आत आले नाहीत आणि कुणी आग्रह केला नाही. सरकारी पशुवैद्य प्रत्येक धडापाशी थांबून यकृत आणि लसिकाग्रंथी तपासत होते. काम चोख होतं. बाहेर आल्यावर मी ॲमेझॉनचा विषय काढला. जंगल तोडून केलेल्या कुरणावरचं जनावर इथे येतं का? शेवटचा विक्रेता तपासला जातो, असं उत्तर आलं. पण वासरू जन्मतं एका फार्मवर, वाढतं दुसऱ्यावर आणि पुष्ट होतं तिसऱ्यावर. पहिल्या दोघांचा माग बहुतेक वेळा लागत नाही. ज्या देशात वळूच्या पणज्याची नोंद सापडते, तिथे साध्या बैलाचं जन्मस्थान सापडू नये, हे मला पटलं नाही आणि मी तसं स्पष्ट बोललो. प्रत्येक जनावराला 2032 पर्यंत ओळखक्रमांक देण्याची योजना सरकारने जाहीर केली आहे. जंगल तोवर थांबणार नाही.

(क्रमशः)