नामांतर, नामविस्तार आणि एक हजेरीपट

भाचीची मुलगी परवा फोनवर विचारत होती, "आजी, या विद्यापीठाचं नाव इतकं लांब का गं? आंबेडकरही आणि मराठवाडाही!" मी म्हटलं, त्या 'ही'मध्ये साडेपंधरा वर्षं गेली आहेत बाई. फोनवर काय सांगणार? म्हणून इथे लिहिते आहे. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींनाही यातलं फारसं ठाऊक नसतं, असा माझा अनुभव.

माझ्या १९७४च्या बी.ए.च्या पदवीपत्रावर नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' आहे. ते १९५८ साली औरंगाबादला निघालं (शहर आता छत्रपती संभाजीनगर). त्याआधी आमच्याकडची कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली. निजामाचं राज्य जाऊन जेमतेम दहा वर्षं झालेली, त्यामुळे 'मराठवाडा' या शब्दावर आमच्या वडीलधाऱ्यांचा जीव होता. ते प्रेम खोटं नव्हतं.

पण विद्यापीठाच्याही आधी, १९५० साली, बाबासाहेबांनी त्याच शहरात कॉलेज काढलं. तेच पुढे मिलिंद. ज्यांच्या घरात पाटी-पेन्सिल कधी आली नव्हती अशी किती पोरं तिथून शिकून बाहेर पडली! मग विद्यापीठाला त्यांचं नाव द्या म्हटलं तर त्यात वावगं काय होतं? मला तेव्हाही काही वाटलं नव्हतं.

२७ जुलै १९७८ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. शरद पवार मुख्यमंत्री होऊन दहा दिवससुद्धा झाले नव्हते. आणि मराठवाडा पेटला. शहरात संप, मोर्चे. खेड्यांत सरळ वस्त्या जाळल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारून टाकलं. अस्मिता, अस्मिता म्हणत होते सगळे. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांच्यासारखी मुक्तिसंग्रामातली आदरणीय माणसंही विरोधात होती. त्यांचं म्हणणं प्रादेशिक अभिमानाचं होतं, हे मान्य. पण विद्यापीठ कुठल्या दिशेला आहे हे ज्याला माहीत नाही, तो शेजाऱ्याच्या झोपडीला काडी लावतो, तेव्हा भांडण नावाचं नसतं. गायरानाचं असतं, गावकीची कामं नाकारल्याचं असतं, पोरगा शिकून नोकरीला लागल्याचं असतं.

मी तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. नोकरीचं तिसरं वर्ष. ऑगस्टमध्ये वस्तीतली मुलं यायची बंद झाली. चौथीच्या वर्गातली अकरा. रोज नाव पुकारायचं, उत्तर नाही, की रकान्यात 'गै'. महिनाभराने तिघं परत आली. बाकीच्यांचे आईबाप रातोरात कुणी शहरात, कुणी नातेवाइकांकडे निघून गेले होते. त्यात एक मुलगी होती. तोंडी हिशेबात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. पावकी-निमकी घडाघडा.

सतत गैरहजर राहिलेल्या मुलाचं पटावरून 'नाव कमी करायचं' ही शाळेची भाषा. मुख्याध्यापकांनी शेरा सांगितला, 'स्थलांतर'. मी म्हटलं, "गुरुजी, स्थलांतर कसं? घरं जळालीत त्यांची." ते म्हणाले, "बाई, रजिस्टरात जळालेल्या घराला रकाना नाही." माणूस वाईट नव्हता. पण ते उत्तर मी विसरलेले नाही.

ठराव झाला, अंमल लांबला. १९७९मध्ये जोगेंद्र कवाडे यांनी नागपूरहून लाँग मार्च काढला. सरकारं आली, गेली. नोव्हेंबर १९९३मध्ये नांदेडला गौतम वाघमारे या तरुणाने स्वतःला जाळून घेतलं. शेवटी १४ जानेवारी १९९४ला, पुन्हा पवारच मुख्यमंत्री असताना, 'नामविस्तार' झाला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. दोन्ही बाजूंना थोडं थोडं. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वेगळं विद्यापीठही निघालं. त्या नावावरून कुणाची झोपडी जळल्याचं मी ऐकलं नाही... असो.

दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर लोक येतात. आपण घरी तीळगूळ वाटतो, तिकडे पुस्तकांचे स्टॉल लागतात. मी दोनदा जाऊन आले. एक बाई नातवासाठी उजळणीचं पुस्तक घेत होती आणि दुकानदाराशी पाच रुपयांवरून घासाघीस चालली होती. हिशेब तिचा बरोबर होता.