गुंड्याभाऊची मोटार

वय झालें म्हणजे मनुष्याची खेळण्याची हौस सुटते, असें आम्हांस वाटत नाहीं. खेळ तेवढे बदलतात. गेल्या दिवाळींत आम्ही पुण्याहून आष्टीस गेलों होतों. अहिल्यानगरहून आष्टीपर्यंत २०२२ सालीं आगगाडी आली खरी. परंतु त्यामुळें आमचें घरीं जाणें वाढलें, असें कांहीं आमच्यानें सांगवत नाहीं. रात्रीं जेवणें आटोपून ओसरीवर बसलों असतां पुतण्यानें एक खेळ काढला. पुस्तकांतलें एखादें पात्र घ्यावयाचें आणि त्याला शोभेल अशी जुनी अमेरिकन मोटार निवडावयाची.

मोटारी तरी कोणत्या? तिकडे ज्यांना 'मसल कार' म्हणतात त्या. आपण त्यांस पहिलवानी मोटारी म्हणूं. मध्यम बांध्याच्या गाडींत थोरल्या गाडीचें आठ सिलिंडरांचें इंजिन बसवावयाचें, हें त्यांचें मर्म. १९६४ सालच्या पॉन्टियाक जीटीओपासून ही जात नांवारूपास आली. १९६६ च्या डॉज चार्जरला तर सात लिटरांचें, ४२५ अश्वशक्तीचें इंजिनहि घेतां येई.

आम्हीं लागलीच चिं. वि. जोश्यांचे चिमणराव पुढें केले. पुतण्या हंसूं लागला. चिमणरावांनीं असल्या मोटारीची किल्ली फिरविली, तर नुसत्या आवाजानेंच ते मागच्या आसनावर जाऊन पडावयाचे! त्यांना आपली कुर्ल्यास पूर्वीं तयार होत असलेली १,०८९ घन सेंटिमीटरांची फियाटच बरी. तींत काऊ, मोरू, मैना आणि दोन वळकट्या कशा तरी मावतील. मग चार्जर कोणाची? गुंड्याभाऊची, याविषयीं दुमत झालें नाहीं. तसें दणकट शरीर आणि संकटांत आधीं उडी घेण्याची ती खोड दुसऱ्या कोणाजवळ आहे? शिवाय डॉज हें नांव आपल्याला परकें नाहीं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें त्याच नांवाच्या गाड्या कुर्ल्यास जुळविल्या होत्या.

"आणि काका, बाबांना कोणती?" पुतण्यानें विचारलें.

"अरे, तीच! आमचा दादा म्हणजे घरचा गुंड्याभाऊ." सर्वजण हंसले. दादाहि हंसले, आणि म्हणाले, "गाडी चांगली आहे रे. पण तिला पेट्रोल कोण घालणार?"

थोड्या वेळानें ते निजावयास उठले. उठतांना त्यांनीं दोन्ही हातांनीं खांब धरला. ते आंत गेल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "दोन वर्षें झालीं. डॉक्टर गुडघ्याची शस्त्रक्रिया करा म्हणतात. तुम्हांला कळवूं देत नाहींत."

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत दादा सतरा वर्षांचे होते. शाळा सोडून ते दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेले आणि आम्ही शाळेंत राहिलों. पुढें आम्ही पुण्यास गेलों. जमीन, आईचें दुखणें, विहिरीचें कर्ज हें सर्व त्यांच्याकडे राहिलें. 'दादा खंबीर आहे', हें वाक्य आम्हीं पन्नास वर्षें मोठ्या अभिमानानें उच्चारलें. त्यांत स्तुति होती. पण सोयहि होती, हें वाचकांपासून कशाला लपवावें? एखाद्याला एकदां गुंड्याभाऊ ठरविलें, म्हणजे त्याच्या दुखण्याची चौकशी करावी लागत नाहीं.

त्या पहिलवानी मोटारींचें पुढें काय झालें, तें आम्हांस ठाऊक होतें. विम्याचे दर वाढले, धुरावर निर्बंध आले आणि १९७३ सालीं तेलाची टंचाई झाली. त्यांचें बळ कमी पडलें नव्हतें; त्या बळाला पोसणें लोकांना परवडेनासें झालें.

सकाळीं आम्हीं दादांपाशीं विषय काढला. "ज्वारी निघाल्यावर बघूं," ते म्हणाले.

"ज्वारी मी काढतों. तूं गुडघा दाखवून घे."

त्यांनीं आमच्या मऊ तळहातांकडे निरखून पाहिलें आणि गुंड्याभाऊलाहि हेवा वाटावा, इतक्या मोठ्यानें ते हंसले. परंतु 'नको' मात्र म्हणाले नाहींत.