ग्रेडरच्या खोलीतला फोटो

लग्नाचे फोटो काढायचा धंदा मी जवळजवळ चाळीस वर्षं केला. किती लग्नं झाली याची मोजदाद ठेवली नाही. बहुतेक लग्नं एकमेकांत मिसळून गेली आहेत. पण 1984 सालच्या मे महिन्यातलं एक लग्न अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. ते लग्न मंगल कार्यालयात नव्हतं, देवळात नव्हतं, वधूच्या दारीही नव्हतं. ते झालं आमच्या तालुक्याच्या गावच्या जुन्या जिनिंगात.

आमचा भाग वऱ्हाडातला. इथल्या कापसाची कथा फार जुनी. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा साहेबाची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर पडली. खामगावचा कापूस बाजार एवढा वाढला की 1870 साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. मग गावोगाव जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. आमच्या गावचं जिनिंगही त्याच परंपरेतलं. दगडी भिंती, उंच धुराडं, आणि आत ओळीनं मांडलेले रेचे. त्यांच्या ओतीव लोखंडावर ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव उठावदार अक्षरांत होतं. चामड्याचा रूळ फिरतो, रुईला ओढून नेतो, आणि पातं सरकीला मागं ढकलतं. एवढीच त्याची करामत, पण लहानपणी तासन्‌तास पाहत राहिलो तरी माझं मन भरत नसे.

आता जिनिंगात लग्न कशाला, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं झालं. त्या वर्षी वधूच्या गावच्या विहिरींनी एप्रिलमध्येच तळ दाखवला. चारशे पानं उठवायची तर पाणी कुठून आणायचं? वधूचा मामा जिनिंगात गाठी बांधायच्या प्रेसवर कामाला होता. जिनिंगात आगीच्या भीतीनं बांधलेला मोठा हौद होता, स्वतःची विहीर होती, आणि मे महिन्यात हंगाम संपल्यामुळे शेड रिकामी होती. मामानं मालकाच्या कानावर घातलं. मालक म्हणाले, "चुली आवाराबाहेर लावा, फटाका एक वाजता कामा नये, आणि बिडी ओढणारा फाटकाबाहेर." वधूपित्यानं दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग हो म्हणाले. ते दोन दिवस का घेतले, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

लग्न मात्र देखणं झालं. पैसा फार नव्हता, पण मामाच्या सोबतच्या मजुरांनी चार दिवस आधीपासून शेड झाडून काढली. तुळयांवर, पट्ट्यांच्या चाकांवर, खिडक्यांच्या गजांवर वर्षानुवर्षांची रुईची लव बसलेली होती. ती काढता काढता बाया पांढऱ्याधोट झाल्या. कोपऱ्यात न उचललेल्या गाठींची थप्पी होती, तिच्यावर ताडपत्री आणि वरून धुतलेली धोतरं पसरली. त्याच्यापुढे बोहलं. रेच्यांच्या रांगेवर आंब्याच्या पानांची तोरणं. पेट्रोमॅक्सला बंदी, म्हणून जिनिंगाचे विजेचे दिवे. शेडचे पत्रे इतके उंच की बाहेर पंचेचाळीस डिग्रीची लाही असताना आत जरा तरी जीव राही. पुढे शहरातली मोठमोठी कार्यालयं पाहिली, पण तशी उंची आणि तसा मोकळेपणा कुठे दिसला नाही.

माझ्याजवळ यशिका होता, वरून पाहायचा, दोन भिंगांचा. एका रोलवर बारा फोटो. सात रोल नेले होते, काळ्यापांढऱ्या ओर्वोचे. उन्हानं फिल्म खराब होते म्हणून रोल पत्र्याच्या डब्यात घालून डबा माठाच्या पाठीमागे सावलीत ठेवला होता. राखणदाराला माझ्या फ्लॅशचीच भीती. "ठिणगी उडन न भाऊ!" असं तो दर वेळी म्हणे. ह्यात ठिणगी नसते हे सांगून मी थकलो. शेवटी तो पाण्याची लाल बादली घेऊन माझ्या मागं मागं हिंडू लागला.

मुहूर्त गोरज होता. त्याआधी घरच्या मंडळींचा एकत्र फोटो काढायचा होता. चार वाजले होते. बाहेर उजेड असा की पांढरी धोतरं भाजून निघावीत आणि फेट्याखाली डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खाचा दिसाव्यात. शेडमध्ये उजेड पुरत नव्हता. मी जागा शोधत हिंडलो आणि काट्याच्या मागं एक खोली सापडली. छपराला उत्तरेच्या बाजूनं काच. ऊन आत येत नव्हतं, पण सगळ्या खोलीत कसा सारखा, मऊ उजेड पसरला होता. भिंती पांढऱ्या. मध्ये एक लांब टेबल. फोटोवाल्याला यापेक्षा काय पाहिजे? मी सगळ्यांना आत बोलावलं. वधूचे वडील तेवढे उंबऱ्याशी थांबले.

"भाऊ, ह्या खोलीत मी नाई येत. बाकीच्याइचा काढा."

मला वाटलं, माणूस लाजतो आहे. मी हात धरून ओढायला गेलो. मामानं मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं.

ती ग्रेडरची खोली होती. कापसाची प्रत बघायची तर ऊन नको आणि दिव्याचा पिवळेपणाही नको. उत्तरेच्या उजेडात पांढरा तो पांढराच दिसतो, म्हणून काच त्या बाजूला. राज्यात 1972 सालापासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू होती. हंगामात फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग लागे. दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, वधूचे वडील वेचणीचा चांगला कापूस घेऊन तीन रात्री रांगेत होते. दुसऱ्या रात्री अवकाळी पाऊस आला. अंगावरची घोंगडी त्यांनी गाडीवर टाकली, पण ती कुठवर पुरणार? वरचा हातभर थर भिजला. खालचा कोरडा होता. तिसऱ्या दिवशी ग्रेडरनं वरून मूठ घेतली, ह्याच टेबलावर टाकली, बोटांनी धागा ओढला, आणि दोन ग्रेड खाली लिहिलं. खालचा कापूस काढून पाहा म्हणून ते हात जोडत होते, पण मागं गाड्या खोळंबल्या होत्या. त्या वर्षी हाती आले त्या पैशांत सोसायटीचं कर्ज फिटलं आणि मुलीचं लग्न पुढे गेलं. ठरलेलं स्थळही गेलं. ग्रेडर तो आता तिथे नव्हता, पण खोली तीच.

हे ऐकल्यावर मी गप्प झालो. दुसरी जागा बघतो म्हणालो. पण उजेड कलत होता, गोरज जवळ आली होती, आणि मुलगी सगळं ऐकत होती. तिनं मुंडावळ्या सावरल्या आणि दाराकडे वळून म्हणाली, "बाबा, या न. माह्या लग्नाचा फोटू, अन्‌ तुमी नाई?"

ते आत आले. माझ्याकडे न पाहता टेबलाच्या कडेला, मुलीच्या शेजारी उभे राहिले. मी कॅमेरा तिकाटण्यावर बसवला, साडेपाचचं छिद्र, सेकंदाचा तिसावा भाग. एवढ्या मंद वेगात माणूस हलला तर फोटो गेला. "कोणी हलू नका," असं म्हणून मी बटण दाबलं. नेमक्या त्याच वेळी वडिलांनी टेबलाच्या फटीत अडकलेली चिमूटभर रुई उचलली होती आणि दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ते धागा ओढून पाहत होते. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते, आणि हा एक माणूस आपल्या बोटांकडे. दुसरा फोटो काढावा तर तो बारावा होता, रोल संपला. तेवढ्यात सनई सुरू झाली.

हात किंचित हलल्यामुळे बोटं थोडी अस्पष्ट आली होती. तेव्हा मला तो फोटो बिघडलेला वाटला. वधूपिता कॅमेऱ्याकडे बघत नाही, असला फोटो अल्बममध्ये कसा लावायचा? मी तो लावला नाही. त्याचे पैसेही धरले नाहीत. बाकीचा अल्बम बघून मंडळी खूश झाली, आणि तो विषय माझ्या लेखी संपला. खरं तर त्यांना विचारायला हवं होतं. फोटोवाल्याला बरेवाईट कळतं असा आमचा एक समज असतो.

2012 साली ती बाई माझ्या दुकानात आली. केस पिकले होते, मी ओळखलं नाही. वडील आदल्या वर्षी गेले, म्हणाली. वर्षश्राद्धाला फोटो लावायचा आहे, घरात आहेत ते सगळे म्हातारपणचे. "दादा, त्या खोलीत एक फोटू काढला होता न तुमी? अल्बममंधी तो कदीच नव्हता."

माझ्या निगेटिव्ह ट्रंकेत असतात, बटर पेपरात गुंडाळलेल्या, सोबत कडुलिंबाची पानं. दोन दिवस शोधलं. सापडली, पण एका कोपऱ्यावर बुरशी चढली होती. नशीब, तो कोपरा भिंतीचा होता. आताशा सगळं काम कंप्युटरवर चालतं, म्हणून ती घेऊन मी शेजारच्या पोराच्या स्टुडिओत गेलो. बाईही सोबत आली. पोरानं बुरशी पुसली, मोठं करून दाखवलं आणि उत्साहानं म्हणाला, "दुसऱ्या फोटोतला चेहरा घेऊन बाबांची नजर समोर करून देऊ का? पाच मिनिटांचं काम आहे."

"नाई," ती म्हणाली. "ह्या हाताचं थोडं मोठं कर."

त्यानं केलं. ती पडद्याजवळ गेली. तीसेक वर्षं तीही कापूसच पिकवत आली आहे. अस्पष्ट बोटांमध्ये ताणलेली ती रुई तिनं बराच वेळ पाहिली.

"धागा लांब हाय," म्हणाली.

तिनं दोन प्रती घेतल्या, एक भावासाठी. मी पैसे घेत नव्हतो. तेव्हा तिनं पिशवीतून तुरीच्या डाळीची पुरचुंडी काढून दुकानाच्या काउंटरवर ठेवली आणि एसटी चुकेल म्हणून लगबगीनं निघाली.