फार्मर हॅज प्लॉट

धुळ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठीचा तास म्हणजे आमचा डुलक्या काढायचा तास. तेव्हा मित्रांनो, शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी.

डीबीएमएसच्या सरांनी सांगितलं, मिनी प्रोजेक्टला खरा व्यवहार घ्या. तरी निम्म्या वर्गाने लायब्ररी मॅनेजमेंटच घेतलं (परंपरा आहे!). मी घेतली मामांची केळी. रावेर तालुक्यात त्यांची बाग आहे आणि एक लाल कापडी खातेवही आहे. कुठल्या शेतातून किती क्विंटल माल गेला, काय भाव लागला, व्यापाऱ्याकडे किती बाकी, सगळं त्यात.

ईआर डायग्रामची पद्धत पीटर चेन यांनी १९७६ साली मांडली आणि आम्ही ती आजवर पट्टी-पेन्सिलीनेच गिरवत आलो. डायमंड वाकडा आला की खोडरबर! म्हणून मायएसक्यूएल वर्कबेंच पहिल्यांदा उघडलं तेव्हा खरं सांगते, मजाच वाटली. टेबल माऊसने उचलून कुठेही ठेवा, त्याला जोडलेली रेष आपोआप मागे येते. पहिल्या कॉलमवर डबल क्लिक केलं की आयडी आणि प्रायमरी की तयार. नंतरचा प्रत्येक कॉलम न विचारता व्हारकॅर ४५. शेवटी फॉरवर्ड इंजिनिअर केलं की चित्राचे क्रिएट टेबल होऊन बाहेर पडतात. रूममेट म्हणाली, "हे तर पेंटब्रशसारखं आहे." मलाही तसंच वाटलं होतं.

पण पेंटब्रश प्रश्न विचारत नाही. इथे दोन टेबल जोडायची तर आधी ठरवावं लागतं, एकास अनेक की अनेकास अनेक? मी मेसच्या रांगेतून मामांना फोन लावला.

"मामा, एका शेताचा मालक एकच ना?"

"एक कसा? गट नंबर एक, पण सातबाऱ्यावर नावं तीन. मी, धाकटा..." मामा जरा थांबले. "आणि ताई."

ताई म्हणजे माझी आई.

२००५ साली वारसा कायदा बदलला, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आला, हे मला ठाऊक होतं. परीक्षेपुरतं. आमच्या घरी त्याचा अर्थ एवढाच, की दिवाळीला मामा केळीचा घड आणि साडी घेऊन येतात आणि गेल्या वर्षीपासून निघताना हक्कसोड पत्राचा विषय काढतात. आई "बघू" म्हणते आणि चहा ठेवते.

मी अनेकास अनेकचं बटण दाबून दोन्ही टेबलांवर क्लिक केलं. मध्ये तिसरं टेबल आपणहून उगवलं, नाव 'फार्मर_हॅज_प्लॉट'. त्यात मी 'हिस्सा' हा कॉलम टाकला. मग वहीतल्या नोंदी भरून क्वेरी चालवली. तीन गट नंबर, तिन्हींसमोर आई. मिळालेल्या रकमेच्या रकान्यात तिच्यापुढे सगळीकडे नल. शून्य नव्हे हं, नल. शून्य म्हणजे कोणीतरी हिशेब करून लिहिलेलं असतं.

मामांना सांगितलं तर ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "कॉलेजच्या कामात घरचं कशाला आणतेस बेटा?" याच मामांनी माझ्या पहिल्या सेमिस्टरची होस्टेल फी भरलीय. मला उत्तर सुचलं नाही.

रविवारी धुळ्याला प्रिंटआऊट घेऊन गेले. आईला क्रोज फूट वगैरे काय कळणार, असं मला वाटलेलं. तिने चष्मा लावला, रेषांवरून बोट फिरवत तिसऱ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "हा हिस्सा रिकामा ठेवता येतो का?"

"येतो. एनएनला टिक केली नाही तर."

"आणि केली तर?"

"तर काहीतरी भरावंच लागतं."

तिने कागदाची घडी केली आणि कपाटात साड्यांखाली ठेवली. मला दुसरी प्रिंट काढावी लागणार. सबमिशन शुक्रवारी आहे, आणि ती टिक अजून मी केलेली नाही.