झालें का?

"झालें का?" हा प्रश्न ज्या घरांत दिवसांतून दहा वेळां ऐकूं येत नाहीं, तें घर एकत्र कुटुंबाचें नव्हे असें खुशाल समजावें. सकाळीं न्हाणीघराच्या दाराशीं, मग देवघरांत, मग स्वयंपाकघरांत, असा हा प्रश्न आमच्या घरभर हिंडत असतो. सासूबाई तो विचारतात तेव्हां "उशीर झाला" एवढाच त्याचा अर्थ असतो. मामंजी मात्र तो मुळीं विचारीतच नाहींत. ते येऊन नुसते उभे राहतात, आणि आपल्याकडे न पाहतां भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहतात. या दोहोंतला कोणता प्रकार अधिक जड जातो, हें सुनांना सांगावयास नको.

मला हा प्रश्न घराबाहेरूनही येतो. दिवसा मी एका कचेरींत नोकरी करतें, आणि रात्रीं घरचें आटोपलें कीं आम्ही तिघेजण, मी आणि माझे दोन सहकारी, मिळून एक एडिटर बांधीत असतों. एडिटर म्हटल्याबरोबर वाचकांच्या डोळ्यांपुढें प्रस्तुत मासिकाचे संपादक उभे राहिले असतील. पण तो मान वेगळा. संगणकाकडून काम करवून घेण्यासाठीं ज्या आज्ञा लिहाव्या लागतात त्यांना कोड म्हणतात, आणि तो लिहिण्याची, शोधण्याची, दुरुस्त करण्याची जी पाटी तिला कोड एडिटर म्हणतात. सुताराला जसा रंधा तसा हा प्रोग्रॅमरला. एकदां हातांत बसला कीं तो सहसा बदलावासा वाटत नाहीं. मात्र त्यांत अमुक एक सुधारणा हवी, हें तो रोज बोलून दाखवितो.

आमचा एडिटर फुकट आहे, आणि तो वापरणारे एखाद्या मोठ्या लग्नाच्या पंगतींत बसतील इतकेच आहेत. पण ते आमच्याकडे आले त्याला कारण आहे. मराठी किंवा संस्कृत मजकूर ज्यांना ग्रंथाच्या जुळणीसाठीं लिहावयाचा असतो त्यांचे इतर एडिटरांत फार हाल होतात. ही जुळणी करणारें टेक नांवाचें साधन डोनाल्ड नूथ या अमेरिकन पंडितांनीं तयार केलें, आणि देवनागरी जुळविणारें झीटेक हें त्याच्याच वंशांतलें. नूथ यांनीं १९९० सालींच जाहीर केलें कीं यापुढें टेकमध्यें नवी सोय घालावयाची नाहीं, फक्त दोष काढावयाचे. आणि दोष काढून नवी आवृत्ति निघाली कीं तिच्या क्रमांकांत पाय या संख्येचा एकेक आंकडा वाढत जातो. २०२१ मध्यें तो ३.१४१५९२६५३ पर्यंत आला. मामंजींना ही हकीकत फार आवडली. "गृहस्थाला वानप्रस्थ कळला आहे," असें ते म्हणाले.

कारण मामंजी हेही आमच्या पंगतींतलेच. संस्कृत शिकविण्यांत त्यांची हयात गेली. त्यांच्या आजोबांचीं कीर्तनाच्या आख्यानांचीं हस्तलिखित बाडें आमच्या घरांत आहेत. पान उलटलें कीं त्याची कड हातांत येते. तीं मोडून जाण्याच्या आंत उतरून काढावयाचीं, म्हणून ते वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं माझा एडिटर उघडून बसतात. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, डाव्याची व्हावयाची आहे.

आतां हाल कसले तें सांगतें. 'स्त्री' हें आपण एक अक्षर समजतों. संगणक त्यांत सहा चिन्हें पाहतो: स, हलन्ताची खूण, त, पुन्हां हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. बऱ्याच एडिटरांत बाणाची कळ दाबली कीं कर्सर एकेक चिन्ह पुढें सरकतो; परंतु पडद्यावर तो जागच्या जागीं अडलेला दिसतो, आणि सहाव्या वेळीं एकदम पलीकडे उडी मारतो. मध्येंच कोठें तरी कांहीं टंकलें तर अक्षराचे तुकडे होतात. याला केवळ एडिटर लिहिणारे जबाबदार नाहींत. युनिकोड या जागतिक अक्षरसंहितेच्या नियमांतसुद्धां स्, त् आणि री असे तीन तुकडे पडत असत. देवनागरीचें जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम तींत यावयास २०२३ च्या सप्टेंबरांतील १५.१ ही आवृत्ति उजाडावी लागली.

तो नियम वाचला आणि आम्हीं कामास आरंभ केला. २०२४ च्या दिवाळीपर्यंत तें बहुतेक झालें. सुटींत मीं मोठ्या अभिमानानें मामंजींना वर माडीवर बोलावून माझ्या संगणकावर तें दाखविलें. एक बाण दाबला कीं सबंध अक्षर ओलांडलें जाई. आणि त्याच न्यायानें बॅकस्पेस दाबली कीं सबंध अक्षर पुसलें जाई. मामंजींनीं मुद्दाम 'स्त्रि' असें ऱ्हस्व लिहिलें आणि वेलांटी सुधारण्यासाठीं बॅकस्पेस दाबली. सगळें नाहींसें झालें. चष्मा काढून ते म्हणाले, "सूनबाई, एका वेलांटीपायीं सबंध स्त्री पुसून टाकायची? हा न्याय आमच्या पिढीलाही सुचला नव्हता."

दोन रात्रींत मीं तें बदललें. चालतांना सबंध अक्षर, पुसतांना एकेक चिन्ह. मोठमोठ्या कंपन्यांचे लोकही बहुधा हेंच करतात असें मागाहून लक्षांत आलें. मामंजी समाधानानें खालीं गेले, आणि आतां ही आवृत्ति महिन्याभरांत निघणार असें त्यांनीं, मीं आणि बाहेरच्या मंडळींनीं धरून चालण्यास हरकत नव्हती.

ती निघाली नाहीं. कां निघाली नाहीं हें सांगावयाचें तर एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगतांना मला अजूनही लाज वाटते.

२०२३ च्या गणेशचतुर्थीला नवी आवृत्ति काढूं, असें आम्ही जाहीर करून बसलों होतों. आदल्या रात्रीं उत्साहाच्या भरांत आम्हीं तींत एक सोय आणखी घातली: दर तीन मिनिटांनीं फाइल आपोआप सेव्ह व्हावी. सेव्ह करण्याच्या दोन रीती आहेत. भाबडी रीत अशी कीं जुनी फाइल प्रथम रिकामी करावयाची आणि तींत नवा मजकूर ओतावयाचा. या दोहोंच्या मध्यें वीज गेली तर जुनेंही नाहीं आणि नवेंही नाहीं. शहाणी रीत अशी कीं नवा मजकूर शेजारीं निराळ्या फाइलींत लिहावा, तो डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री करून घ्यावी, आणि मगच तिला जुनीचें नांव द्यावें. विरजण लागल्याची खात्री होईपर्यंत जुनें दहीं संपवूं नये, हें आमच्या घरांतलें शेंबडें पोरही सांगेल. मला तें ठाऊक होतें. पण रात्रीचे दोन वाजले होते, सकाळीं गणपति बसावयाचे होते, आणि आम्हीं भाबडी रीत वापरली.

तालुक्याच्या गांवच्या एका शिक्षकांचा बोलीभाषेच्या शब्दांचा चार महिन्यांचा संग्रह त्या एका क्षणांत गेला. त्यांच्या गांवीं वीज दिवसांतून तीनदां जाते. त्यांचें पत्र आलें तें अतिशय सौजन्याचें होतें. प्रत काढून ठेवावयास हवी होती, चूक आपलीच, असें त्यांनीं लिहिलें होतें. शिव्या दिल्या असत्या तर निदान उत्तर तरी लिहितां आलें असतें.

दोष आम्हीं आठवड्यांत काढला. माझ्या मनांत मात्र तेव्हांपासून एक भीति बसली, आणि तिनें हळूहळू कर्तव्याचा वेष घेतला. एडिटरांत शोधण्याची सोय सुधारूं, मग काढूं. पडदा दुभंगून दोन फाइली शेजारीं ठेवण्याची सोय होऊं दे. शुद्धलेखन तपासणी तेवढी होऊं दे. सहकाऱ्यांना नव्या सोयी लिहिणें आवडतें, त्यामुळें त्यांनीं कधीं हरकत घेतली नाहीं. पत्रें येत, आणि मी "काम चालू आहे" असें कळवीत असें. तें खोटें नव्हतें. पण आतां वाटतें कीं काम अपुरें आहे म्हणून मी आवृत्ति अडवीत नव्हतें. आवृत्ति अडवावयाची म्हणून काम अपुरें ठेवीत होतें.

गंमत अशी कीं या रोगाचीं उदाहरणें मी इतरांना मोठ्या चवीनें सांगत असें. मॅकिंटॉशवरचा टेक्स्टमेट हा एडिटर ॲलन ओडगार्ड या डॅनिश गृहस्थांनीं २००४ सालीं काढला. लोक त्याच्यावर इतके लुब्ध झाले कीं निव्वळ त्यासाठीं मॅकिंटॉश घेणारेही निघाले. मग दुसरी आवृत्ति ओडगार्ड मुळापासून नव्यानें लिहूं लागले. जुन्या गिऱ्हाइकांना ती फुकट देण्याचें त्यांनीं वचनही दिलें. वर्षें गेलीं. २००८ मध्यें सब्लाइम टेक्स्ट नांवाचा दुसरा एडिटर आला आणि लोक एकेक करून तिकडे वळूं लागले. टेक्स्टमेटची कच्ची प्रत डिसेंबर २०११ मध्यें बाहेर पडली, पुढल्या वर्षीं त्याचा सगळा कोड सर्वांसाठीं खुला झाला, आणि २.० ही पक्की आवृत्ति निघाली ती सप्टेंबर २०१९ मध्यें. तोंवर पंगत उठून गेली होती. कामांत कसूर झाली म्हणून नव्हे; माणूस मोठा कसबी. उलट मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडनें वर्षानुवर्षें महिन्याला एक आवृत्ति काढली, मासिकासारखी. एखादा लेख वेळेवर आला नाहीं तर तो पुढल्या अंकांत जातो, अंक थांबत नाहीं.

आणि व्हिमचे ब्राम मोलेनार. ७.० ही आवृत्ति त्यांनीं २००६ मध्यें काढली, आणि ८.० निघाली २०१६ मध्यें. मधल्या काळांत ते दुरुस्त्या सतत देत राहिले, तरी कांहींनीं २०१४ मध्यें निओव्हिम हें वेगळें बिऱ्हाड केलें. दोघेही नांदत आहेत. मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजीं वारले. त्यानंतर निघालेली ९.१ ही आवृत्ति मागें राहिलेल्या मंडळींनीं त्यांच्या स्मृतीस अर्पण केली.

हें सगळें ठाऊक असून मी स्वस्थ होतें. २०२५ च्या मे महिन्यांत एका संध्याकाळीं मी मामंजींच्या खोलींत चहा घेऊन गेलें. ते हात धुवावयास गेले होते. टेबलाच्या कडेला, त्यांच्या रेखीव बाळबोध अक्षरांत लिहिलेला एक कागद डिंकानें चिकटविलेला होता. 'क्ष – ३. ज्ञा – ४. त्त्व – ५. स्त्री – ६.' असा तो खालपर्यंत गेला होता, आणि शेवटीं 'कार्त्स्न्य – ११' असें होतें. मीं बोटांवर मोजून पाहिलें. बरोबर अकरा.

तेवढ्यांत ते आले. मीं विचारलें, "मामंजी, हे काय?"

"पाढे आहेत," ते म्हणाले. "कोणत्या अक्षराला बाण किती वेळां दाबायचा त्याचे. पाठ झाले कीं बोटें आपोआप मोजतात. डोळ्यांना कर्सर नीट दिसत नाहीं, त्याचें कांहीं अडत नाहीं."

"पण मला सांगायचें होतें."

"तुझें तयार नव्हतें ना अजून?"

मीं "नव्हतें" असें म्हटलें. जिन्याच्या अठरा पायऱ्या वर माझ्या संगणकावर तें दिवाळीपासून तयार होतें. त्यांनीं कॅलेंडराकडे पाहिलें नाहीं, चहा घेतला, आणि पुन्हां टंकावयास बसले. बोटानें बाण दाबीत असतां त्यांचे ओंठ किंचित् हलत होते.

त्या रात्रीं मीं सहकाऱ्यांना सांगितलें कीं दुभंग पडदा नको, शुद्धलेखन नको, जें आहे तेंच जाईल. एकानें तीन आठवडे मागितले. मीं दिले नाहींत, रागावला थोडा. मात्र तपासणीला मीं एकोणीस दिवस घेतले आणि ते भीतीचे नव्हते. बॅटरी नसलेला एक जुना संगणक आणून, ऐन सेव्ह होतांना मी त्याची वायर भिंतींतून उपटीत असें. शंभरावर वेळां उपटली. सासूबाईंनीं हें पाहून मुलाला बाजूला बोलावून कांहीं विचारल्याचें मला मागाहून कळलें. फाइल प्रत्येक वेळीं शाबूत राहिली: कधीं जुनी, कधीं नवी, पण रिकामी कधीं नाहीं.

जूनमध्यें आवृत्ति निघाली. त्या शिक्षकांना मीं स्वतः निराळें पत्र लिहून कळविलें. त्यांचें उत्तर आलें नाहीं.

खालीं मामंजींच्या संगणकावर मीं ती स्वतः घालून दिली. दुसऱ्या दिवशीं चहा घेऊन गेलें तों टेबलाच्या कडेचा कागद निघाला होता. डिंकाचे डाग तेवढे राहिले होते. मामंजींनीं तो उलटा करून माझ्या हातीं दिला. मागच्या कोऱ्या बाजूवर त्याच रेखीव अक्षरांत नव्या आवृत्तींतले तीन दोष क्रमानें लिहिलेले होते. पहिले दोन मला ठाऊक होते. तिसरा, अवग्रहापाशीं कर्सर अडण्याचा, आम्हां तिघांपैकीं कोणाच्याही ध्यानांत आला नव्हता.