हिशेबाबाहेरचा वाटा

माघात नाशिकच्या वाइन द्राक्षांच्या बागा एकेक करून रिकाम्या होऊ लागतात. गोडी छाटणीपासून जपलेले घड क्रेटमध्ये विसावतात, आणि त्यांतला थोडा रस आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत येतो. शेनिन ब्लाँचा, गढूळ, हिरवट सोनेरी. मुलं तो फ्लास्कमध्ये ओततात, ब्रिक्स म्हणजे रसातली साखर बघतात, यीस्ट सोडतात. बरीचशी निफाड-दिंडोरीकडची. रिफ्रॅक्टोमीटर त्यांना नव्याने दाखवावा लागत नाही; मण्यात पाणी उतरलं की वडील तो डोळ्याला लावून बागेत फिरतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं.

प्रयोग साधा आहे. फ्लास्क रोज तराजूवर ठेवायचा. आंबताना निघालेला कार्बन डायऑक्साइड एअरलॉकमधून बुडबुडत निघून जातो आणि तेवढं वजन घटतं. डोळ्यांना न दिसणारं जगणं असं ग्रॅममध्ये तोलता येतं, याचं मला अजून अप्रूप आहे. सुरुवातीला आकडा हलता हलत नाही. यीस्ट आधी आपली संख्या वाढवत असतं. मग रसावर फेस धरतो, खोली पिकल्या फळांच्या वासाने भरते आणि वजन भराभर उतरू लागतं. थंडाव्यातला फ्लास्क सावकाश चालतो, पण सुगंध जपतो. उबेतला लवकर उरकतो आणि तो नाजूक वास वायूबरोबर गमावतो.

हा तराजू फार जुना. वस्तुमान नाहीसं होत नाही, जेवढं आत तेवढंच बाहेर, हे रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी 1789च्या आपल्या ग्रंथात मांडलं ते द्राक्षरसाच्या किण्वनाबद्दल लिहितानाच. कागदावरचं समीकरण सांगतं की 100 ग्रॅम साखरेतून सुमारे 51 ग्रॅम अल्कोहोल आणि 49 ग्रॅम वायू मिळेल. मुलांना ते पाठ असतं. मोजायला बसल्यावर मात्र अल्कोहोल थोडं कमीच भरतं. मग एकमेकांकडे बघणं सुरू होतं: कुठे सांडलं का?

सांडलेलं नसतं. 1856मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात लुई पाश्चर यांच्याकडे त्यांच्या एका विद्यार्थ्याचे वडील आले. बीटपासून अल्कोहोल काढण्याच्या त्यांच्या कारखान्यात आंबवण बिघडत होती. एका विद्यार्थ्याच्या घरची ही अडचण पाश्चरना किण्वनाच्या मुळाशी घेऊन गेली. चार वर्षांनी त्यांनी दाखवून दिलं की साखरेचा साधारण 5 टक्के भाग समीकरणात बसतच नाही. तो ग्लिसरीनमध्ये, सक्सिनिक आम्लात आणि खुद्द यीस्टच्या देहात जातो. साखर आपोआप मोडत नव्हती. कुणीतरी ती खाऊन जगत, वाढत होतं.

खळ्यावर रास मोजताना बलुतेदाराचा वाटा बाजूला निघायचा, तसा हा वाटा राबणाऱ्याचा आहे. त्यातलं ग्लिसरीन तर थेट जीव राखण्यासाठीचं. भोवतीचा दाट गोड रस पेशीतलं पाणी बाहेर ओढू पाहतो. ते धरून ठेवायला यीस्ट ग्लिसरीन साठवतं.

म्हणून मुलांना मी एकच आग्रह धरते: कमी भरलेला आकडा वहीत तसाच राहू द्या. पुस्तकाशी जुळवून घेतलेल्या आकड्यात साखर उरते, अल्कोहोल उरतं, पण जगणारा जीव पुसला जातो. संशोधनाची पहिली सचोटी मला इथेच दिसते, आणि ती शिकायला मोठी यंत्रं लागत नाहीत.

आता या मुलांपैकी काहींना बाहेरचं यीस्ट न घालता रस आंबवून पाहायचाय. द्राक्षाच्या सालीवर आधीपासून जी यीस्ट असतात, त्यांतली बरीच अल्कोहोल चढू लागताच मागे पडतात आणि अल्कोहोल सोसणारं सॅकरोमायसिस हे यीस्ट पुढे होतं. आपल्या बागेत हे कोण, किती, कुठवर टिकतं, हे त्यांना मोजायचंय. वडिलांनी वर्षानुवर्षं साखर मोजली. ही मुलं त्याच बागेतल्या त्या राबणाऱ्यांची मोजदाद करणार आहेत.