बटणांचे डोळे

सोमवारी सकाळी आमच्या धाकट्याने शाळेचा शर्ट घालायला साफ नकार दिला. वय वर्षे सहा. शर्टाला बटणे आहेत, हे त्याचे कारण. गळ्यातून घालायचा टी-शर्ट चालेल, चेनचा स्वेटर चालेल, पण बटण नको. शाळेची व्हॅन दाराशी हॉर्न वाजवत होती आणि आम्ही दोघे नवरा-बायको अपराध्यासारखे एकमेकांकडे बघत होतो. चूक आमचीच होती.

शनिवारी इशाच्या नमाजीनंतर आम्ही मुलांना ‘कोरलाइन’ हा सिनेमा लावून दिला होता. बाहुल्यांचा सिनेमा म्हणजे मुलांचाच, असे आम्ही धरून चाललो. पहिली पंधरा मिनिटे आम्हीही बसलो. मग एकाला दुकानाचा हिशेब आठवला, एकीला शिकवणीच्या मुलांच्या वह्या. मुले पडद्यासमोर राहिली आणि आम्ही आतल्या खोलीत गेलो.

सोमवारी रात्री मुले झोपल्यावर आम्ही तो सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. हेन्री सेलिक यांनी दिग्दर्शित केलेला हा अमेरिकी चित्रपट २००९ सालचा. नील गेमन यांच्या २००२ मधल्या छोट्या कादंबरीवर तो बेतला आहे. कोरलाइन नावाची मुलगी आई-वडिलांबरोबर एका जुन्या घरात राहायला येते. आई-वडील दोघेही बागकामाच्या कॅटलॉगसाठी लिहीत असतात. संगणकावरून मान वर करायला त्यांना सवड नाही. मुलगी कंटाळून जवळ आली की वडील तिला सांगतात, घरातली दारे-खिडक्या मोजून लिहून आण. असे घर धुंडाळताना तिला भिंतीवरच्या कागदाआड एक छोटे दार सापडते. त्या दारापलीकडे अगदी असेच घर, अशीच आई, असेच वडील. पण ही दुसरी आई आवडीचे जेवण रांधते, सारे लक्ष तिच्याकडे देते. फक्त डोळ्यांच्या जागी तिला काळी बटणे आहेत. तिच्याकडे कायमचे राहायचे, तर अट एकच: मुलीनेही डोळ्यांवर बटणे शिवून घ्यायची.

सिनेमा संपला तेव्हा आम्हालाही पाणी प्यावेसे वाटले. सहा वर्षांच्या मुलाला हे एकटे बघायला बसवले होते आपण!

दुसऱ्या दिवशी गोष्ट दादीच्या कानावर गेली. आम्हाला बोलणी बसतील असे वाटले होते. ती एवढेच म्हणाली, “भूत दाखवलंत ते दाखवलंत, मुलांना एकटं कशाला सोडलंत?” मग तिने शिलाई मशीनच्या खणातून बटणांचा पत्र्याचा डबा काढला आणि चटईवर उपडा केला. धाकटा दाराआडून बघत होता. दादीने त्याला बोलावले नाही. ती बटणे निवडत बसली आणि एकेकाची हकीकत सांगू लागली. हे तुझ्या अब्बाच्या पहिल्या शाळेच्या शर्टाचं. हे तुझ्या मरहूम दादांच्या शेरवानीचं. हळूहळू तो पुढे सरकला. मगरिबच्या अजानपर्यंत त्याने रंगांप्रमाणे ढीग लावले होते.

थोरली दहा वर्षांची. तिची भीती वेगळी होती. सिनेमात दुसऱ्या आईने पूर्वी पळवलेल्या तीन मुलांचे आत्मे अडकून पडलेले असतात. “मेलेली मुलं खरंच अशी अडकतात का?” तिने विचारले. आम्ही सांगितले, ती लेखकाची कल्पना आहे. लहानपणी वारलेली मुले हजरत इब्राहीम (अ.) यांच्याजवळ बागेत असल्याचे आपल्या प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. जिन्न आहेत, पण अल्लाहच्या हुकुमाबाहेर कुणी नाही. झोपताना आयतुल कुर्सी पढायची ती त्याचसाठी. तिचा चेहरा निवळला. हीच गोष्ट शनिवारी तिच्या शेजारी बसून सांगता आली असती.

मग आम्ही दोघांना तो सिनेमा कसा बनला ते सांगितले. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या लायका स्टुडिओत वीतभर उंचीच्या बाहुल्या केल्या. बाहुली केसभर हलवायची, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा केसभर हलवायची. पडद्यावर एका सेकंदात अशा २४ चौकटी सरकतात. थोरलीने गुणाकार केला: शंभर मिनिटांच्या १,४४,००० चौकटी! झाडावरचा गुलाबी फुलोरा म्हणजे रंगवलेले पॉपकॉर्न. आणि कोरलाइनचा चांदण्यांचा इवलासा स्वेटर अल्थिया क्रोम या विणकाम करणाऱ्या बाईंनी तारेसारख्या बारीक सुयांवर खरोखर विणला. हे ऐकून दादीने चष्मा सारखा केला. “माशाअल्लाह, हात आहेत का काय!”

चित्रे आणि बाहुल्यांविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण हजरत आयशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत, हेही हदीसमध्ये आहे. आमच्या घरी तर बाहुलीही लागली नाही. रविवारी दुपारी मोबाईल उशीला टेकवून उभा केला आणि मुलांनी चटईवरचे एक काळे बटण इंच-इंच सरकवत छायाचित्रे काढली. धाकट्याने स्वतः बटण सरकवले. साठ छायाचित्रांचे मिळून जेमतेम पाच सेकंद झाले. ते बटण तुरुतुरू डब्यात शिरताना बघून तो पोट धरून हसला. ज्याला आपण हाताने चालवले, त्याला कोण घाबरणार? सोमवारी शर्ट अंगावर चढला.

हा लेख इथे संपला असता, तर बरे झाले असते. पण त्या रात्री जेवताना थोरलीला आम्ही सहज विचारले, “तुला तरी ती दुसरी आई आवडली नाही ना?”

“सुरुवातीला आवडली,” ती म्हणाली. “ती जेवताना कोरलाइनकडे बघत असते.”

आमच्यापैकी एकाच्या हातात तेव्हा मोबाईल होता.

ती पुढे म्हणाली, “कोरलाइनचे बाबा तिला दारं मोजायला पाठवतात ना, तसं तुम्ही मला दादी काय करतेय ते बघून यायला सांगता. मला माहीत असतं, दादी शिवतेय.” तक्रारीचा सूर नव्हता. दारे किती, खिडक्या किती, हे सांगावे तसे तिने सांगितले.

आम्ही ज्या सिनेमाला घाबरत होतो, तो हा नव्हताच. काळ्या बटणांची बाई मुलांना पळवत नाही. आई-वडिलांनी रिकामी ठेवलेली जागा ती भरते, आणि किंमत म्हणून डोळे मागते. आमच्या घरात त्या छोट्या दाराचे काम मोबाईल करत होता. तो मुलांच्या हातात आम्हीच दिला होता.

ज्या घरांत हा सिनेमा बघायचा असेल, त्यांनी आठ-नऊ वर्षांखालच्या मुलांना तो दाखवू नये, असे आम्हाला वाटते. मोठ्यांना दाखवावा, दिवसा दाखवावा, आणि शेवटपर्यंत जवळ बसावे. शेवटी कोरलाइन आपल्या खऱ्या, दमलेल्या, चिडक्या आईलाच सोडवून आणते. दुकानात नाकारलेले रंगीत हातमोजे ती आई नंतर तिला आणून देते. दुसऱ्या आईच्या मेजवान्यांपुढे ते काहीच नाहीत. पण ते देणारीला डोळे आहेत.

आमचे दुकान आणि शिकवणी होती तशीच चालू आहेत. वेळ वाढलेला नाही. जेवणाच्या वेळी दोन्ही मोबाईल दादीच्या बटणांच्या डब्याशेजारी ठेवायचे, एवढे ठरले आहे. दोनदा मोडलेही. काल हिशेब चालू असताना थोरली येऊन उभी राहिली. ‘जा, बघून ये’ अगदी ओठांवर आले होते. वही मिटली आणि विचारले, “काय गं?”

“काही नाही,” ती म्हणाली, आणि शेजारी बसली.